खंडेनवमीच्या चार टेपा

हिरालालकाकाजींवर माझा राग अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता कसला राग धरून बसतेस, असं माझी भाची म्हणते. तिचं काय जातंय म्हणायला. तिची नोकरी गेली नव्हती, आणि तिच्याबद्दल चारचौघांत कुणी ते बोललं नव्हतं, जे काकाजी माझ्याबद्दल बोलले.

१९७३ सालची गोष्ट आहे. खैरलांजी आणि रामपायलीच्या मध्ये, रस्त्यापासून बरंच आत, एका पडीक बरडावर मुंबईच्या एका संस्थेनं रेडिओ-दुर्बिणीचं तात्पुरतं केंद्र टाकलं होतं. दुर्बीण म्हटलं की बघायला येणारे लोक नळी शोधायचे. नळी नव्हतीच. तारेच्या जाळीची एक भलीमोठी परात आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि तिच्यापासून पन्नास पावलांवर विटांची एक खोली होती. जागा इथंच का, तर आसपास ना कारखाना, ना विजेच्या मोठ्या तारा, ना मोटारींची वर्दळ. आभाळातून येणारी ती खरखर इतकी बारीक असायची की शेजारून एखादी फटफटी गेली तरी ती बुडून जायची.

आमच्यासारखंच दुसरं केंद्र हजार किलोमीटर दूर, दक्षिणेतल्या डोंगरात होतं. दोन्ही केंद्रांनी एकाच वेळी, आभाळातल्या एकाच ठिपक्याकडे तोंड करायचं आणि तिथून येईल ती खरखर मोठ्या चुंबकीय टेपांवर उतरवायची. मग दोन्हीकडच्या टेपा मुंबईला जायच्या. तिथं त्या शेजारी शेजारी लावून, सेकंदाला सेकंद जुळवून वाजवल्या जायच्या. जुळल्या तर दोन लहान पराती मिळून हजार किलोमीटर रुंदीची एकच परात असल्यासारखं काम व्हायचं. आणि एकीकडची टेप वाया गेली की दुसरीकडची आपोआप रद्दी. मला ही गोष्ट फार आवडायची. तिकडे डोंगरात कुणीतरी, ज्याचं मी तोंडही पाहिलेलं नाही, माझ्या भरवशावर बसलंय, असं वाटायचं.

मी साधना मेश्राम. बालाघाटच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, खैरलांजीची पहिली मुलगी. बाबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते, शनिवारी घरी यायचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. बाबांची जुनी सायकल घेऊन मी रोज केंद्रावर जायची. शॉर्टवेव्हवर दिल्लीहून येणारे सेकंदाचे ठोके ऐकून खोलीतलं घड्याळ जुळवायचं, टेप चढवायची, ठरल्या सेकंदाला यंत्र सुरू करायचं आणि नोंदवहीत सगळं लिहायचं. सगळं म्हणजे सगळं. जनरेटरला झटका बसला तरी लिहायचं, परातीवर बगळा बसला तरी लिहायचं. नोकरी तात्पुरती होती. काम नीट झालं तर डिसेंबरात कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे इनचार्ज, बालाघाटला राहायचे, एक दिवसाआड जीपनं यायचे. जीप लांब रस्त्यावर उभी करून चालत यायचे, एवढे काटेकोर.

तिसरे हिरालालकाकाजी, आमचे मिस्त्री. तिरोडीच्या खाणीच्या वर्कशॉपात त्यांनी वीस वर्षं काढली होती. डिग्री माझ्याकडे होती आणि हात त्यांच्याकडे. टेप चाकांमधून ओवायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्या हातून पहिल्याच आठवड्यात दोन टेपांची टोकं चुरगळली, तेव्हा ते हसले नाहीत. "ओढू नको पोरी," म्हणाले, "तिले येऊ दे. थे आपल्यानं येते." खैरलांजीच्या बसस्टँडवर कुणीतरी बोललं, की ही पोरगी दोन पुरुषांबरोबर तिकडे बरडात दिवसभर काय करते. काकाजींनी सायकल आडवी टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही पोरगी आहे थे. अजून काही इचारायचं आहे?" त्या दिवसापासून मी त्यांना काकाजी म्हणायला लागले. बाबांनंतर मी कुणाला मानलं असेल तर त्यांना.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं सगळ्यात मोठं काम होतं. दूरच्या आकाशातला रेडिओलहरी सोडणारा एक ठिपका वर्षातून त्याच दिवसांत सूर्याच्या अगदी जवळ दिसतो. सूर्याजवळून येताना त्या लहरी किंचित वाकतात. किती वाकतात, ते दोन केंद्रांच्या टेपा जुळवून मोजायचं होतं. ठिपका सूर्याजवळ, म्हणून काम भर दुपारचं. आणि दिवस चुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. पहिल्या चार दिवसांच्या चार टेपा छान उतरल्या. खोक्यांत घालून, नावं-तारखा लिहून मी त्या कपाटात ठेवल्या. पाचव्या दिवशी खंडेनवमी आली.

सकाळी मी पोचले तर काकाजींनी यंत्राला झेंडूचा हार घातलेला. बाहेर त्यांच्या अवजारांच्या छपरीत पाटावर पांढरं फडकं अंथरून पाने, पेचकस, कानशी, हातोडे, सगळं धुऊनपुसून मांडलेलं.

"आज मशीन बंद," ते म्हणाले. "आज हत्याराले हात लावत नाहीत पोरी. खाणीत बी आजच्या दिवशी कोनी लावत नव्हतं."

"असं कसं जी काकाजी? सूर्य थांबते का आपल्यासाठी? तिकडच्या केंद्रात थे लोक तं मशीन सुरू करतीनच. मंग त्यायची टेप फुकट जाईन."

बराच वेळ आमचं चाललं. शेवटी त्यांनी हात टेकले. पण त्यांचा चेहरा पडला होता. खंडेनवमीला यंत्र चालवलं तर वर्षभर ते दगा देतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते म्हणाले, "मशीन तं तू बंद ठेवू देत नाही. निदान भरल्या टेपा तरी पूजेत ठेव. थेही आपलं हत्यारच आहे. दसऱ्याले सकाळी उचलजो."

मला पूजेचं काही नव्हतं. पण त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. मी चारही खोकी आणून दिली. त्यांनी ती पाटावर मागच्या बाजूला उभी लावली, वर झेंडू वाहिले, हळदकुंकू लावलं. तेवढ्यात साहेब आले. काकाजींनी त्यांच्या हातात नारळ दिला, साहेबांनी तो फोडला, हसत हसत खोबरं खाल्लं आणि चालत जीपकडे गेले. दुपारी मी हार घातलेलं यंत्र चालवलं. संध्याकाळी नोंदवही लिहिताना मी काकाजींना विचारलं, टेपा बाहेर छपरीत ठेवल्यात, हे लिहू का?

"हे काय लिहायचं? देवाचं काम आहे थे," ते म्हणाले.

मी लिहिलं नाही. वर्षभरात तेवढी एकच गोष्ट मी लिहिली नाही, आणि ती त्यांच्यासाठी लिहिली नाही. दसऱ्याला सकाळी खोकी उचलली, कुंकू पुसलं, आणि आठवडा संपल्यावर सगळ्या टेपा तिरोडीहून रेल्वेनं मुंबईला गेल्या.

दिवाळी झाली आणि मुंबईचं पत्र आलं. साहेबांनी ते माझ्यासमोर टेबलावर टाकलं. पहिल्या चार टेपा बिघडल्या होत्या. आवाज सुरू असायचा आणि मध्येच बुडायचा, पुन्हा यायचा, पुन्हा बुडायचा. सुरुवातीला बुडण्यांमधलं अंतर जास्त होतं, टेप संपत आली तसं ते कमी कमी होत गेलं होतं. साहेब म्हणाले, "मुंबईचे अधिकारी परवा येतायत. यंत्र चालवलं होतंस ना नीट? की नुसतंच वहीत लिहिलंस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी पत्र पुन्हा वाचलं. अंतर कमी कमी होत जाणं. टेपेचं रीळ मोकळं होत जातं तसा प्रत्येक वेढा लहान होत जातो. म्हणजे आवाज दर वेढ्याला एकदा बुडत होता. यंत्राचा दोष असा नसतो. हे रिळाच्या एकाच बाजूला काहीतरी लागल्यावर होतं, आणि टेपेवरचं असं पुसून टाकणारी वस्तू एकच, चुंबक. चुंबक खोलीच्या तीस पावलांच्या आत आणायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम होता.

काकाजींकडे चुंबक होता. खाणीत मँगनीजच्या भुकटीत लोखंड किती, हे तपासायला वापरतात तो, घोड्याच्या नालेसारखा, चांगला वीतभर. नोकरी सोडताना आठवण म्हणून त्यांनी तो आणला होता. खाली पडलेले स्क्रू गोळा करायला वापरायचे आणि छपरीतल्या फळीवर चिंधीत बांधून ठेवायचे. छपरी खोलीपासून तीस पावलांच्या पलीकडे होती. त्यामुळे त्याबद्दल कुणी कधी काही म्हटलं नाही.

मी सरळ छपरीत गेले आणि चिंधी सोडली. चुंबकाच्या खाचेत कुंकू होतं. वाळलेलं, हळदीत मिसळलेलं, बोटानं खरवडलं तरी निघेना. अवजार म्हणून त्यांनी तोही पूजेत ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, एकमेकांना चिकटून उभी चारही खोकी ढळू नयेत म्हणून त्यांना मागून आडवा टेकू दिला होता. खोकी उचलतानाही फुलांखाली मला तो दिसला नाही. एक अख्खा दिवस आणि एक रात्र माझ्या टेपा त्याला टेकून होत्या.

मागे वळले तर काकाजी उभे. त्यांनी माझ्या हातातला चुंबक पाहिला, कुंकू पाहिलं आणि मटकन खाली बसले. त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं, हे मी आजही मानते. डोक्याला हात लावून ते म्हणत राहिले, "अरे देवा, अरे देवा, माह्या हातानं."

मलाच त्यांची दया आली. मी म्हटलं, "काकाजी, आपुन दोघंही साहेबाले सांगू. चूक झाली. मीही खोकी देल्ली ना."

"नाही," ते म्हणाले. "तू काही बोलू नको. तुही नोकरी कायम व्हायची आहे. चुंबक माहा, टेकू म्या लावला. परवा सगळ्याइच्या समोर मीच सांगतो. तू फक्त चूप राह्य."

त्यांनी माझ्या हातातून चुंबक घेतला. मी देऊन टाकला. घरी जाताना मला हलकं वाटत होतं. आईला, शेवंताबाईला, मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "थो चुंबक तू काहून देल्ला?" मी तिच्यावर चिडले. काकाजी म्हणजे कुणी परका आहे का, असं तिला म्हणाले.

ठरलेल्या दिवशी अकरा वाजता मुंबईचे अधिकारी आले. चौकशी खोलीतच झाली. ते आणि साहेब खुर्च्यांवर, मी आणि काकाजी उभे. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, टेपा भरल्यापासून रेल्वेत चढेपर्यंत कुठं होत्या? मी काकाजींकडे बघितलं. आता ते बोलतील. ते खाली बघत होते. मी म्हटलं, "खंडेनवमीला त्या एक दिवस पूजेत होत्या, बाहेर." नोंदवही उघडली गेली. त्या दिवशीच्या पानावर पूजेचं अक्षर नव्हतं. अधिकाऱ्यांनी भुवई उचलून काकाजींना विचारलं, "पूजा में टेप रखे थे क्या?"

काकाजी म्हणाले, "नहीं साब. पूजेत माहे पाने-पेचकस होते. टेपायचं सगळं बाईच्याच हातात असते, मले काही माहीत नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. मी "काकाजी" एवढंच म्हणाले. ते माझ्याकडे न बघता पुढं बोलले. "अन् एक सांगू का साब. यायच्या लोकायले आपल्या पूजेचं वावडं असते. त्या दिवशी मशीनले हार घातला तं बाईचं तोंड पाहा लागत होतं. रागारागानं काही केलं असंन तं थे मी कसं सांगू?"

साहेब टेबलावरचं पत्र सरळ करत बसले. नारळ त्यांनी फोडला होता. पाटावरची खोकी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ते म्हणाले, "मी पाच मिनिटंच होतो. माझं लक्ष नव्हतं."

मी चुंबकाचं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. सगळे छपरीत गेले. चिंधी सोडली. चुंबक लख्ख होता. चिंच आणि राख लावून घासलेला, खाचेतसुद्धा कण नाही. कुंकू निघण्यासारखं नव्हतं, मी स्वतः खरवडून पाहिलं होतं. म्हणजे बसून, वेळ घालवून, काडीनं कोरून कोरून काढलं असणार. ते काढताना माझा विचार एकदा तरी त्यांच्या मनात आला असेल की नाही, हे मला तेव्हापासून छळतंय.

मला कायम केलं नाही. काढून टाकलं असंही कुणी म्हटलं नाही, मुदत संपली म्हणाले. टेपा जाणूनबुजून खराब केल्याचा संशय, अशी एक ओळ माझ्या कागदात लिहिली गेली. त्या ओळीनंतर मला कुठली प्रयोगशाळा दारात उभी करणार होती? गावात तर वेगळीच गोष्ट पसरली, की मेश्रामच्या पोरीनं पूजेवर राग धरून सरकारी मशीन फोडलं. शनिवारी बाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सायकल पुसत अंगणात बसून राहिले. बराच वेळ ते चाकच पुसत होते.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी काकाजी आमच्या दारात आले. चौकशीनंतर पहिल्यांदा. आईनं त्यांना बस म्हटलं नाही, पण ते ओट्यावर बसले. माझ्या जागी त्यांचा पुतण्या टिकाराम लागला होता. मॅट्रिक झालेला, कामाला वाईट नाही. पण त्याला सेकंदाचे ठोके धरून यंत्र सुरू करता येईना. पुढच्या महिन्यात नवीन काम होतं, आणि दोन टेपा आधीच वाया गेल्या होत्या.

"चार दिवस त्याले शिकव," काकाजी म्हणाले. "मी त्याले इथंच पाठवतो. तुह्याशिवाय कोनाले येत नाही थे."

आई आतून म्हणाली, "लाज नाही वाटत?" मी तिला थांबवलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात डोंगरातलं ते दुसरं केंद्र आलं. तिकडच्या माणसाच्या दोन टेपा कुणाच्या तरी चुकीनं रद्दी झाल्या होत्या, आणि त्याला बिचाऱ्याला काही माहीतही नसेल. मी शिकवलंही असतं. मी म्हटलं, "शिकवतो. पन आधी तुमी साहेबाले खरं सांगा. लिहून द्या."

काकाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "सांगतलं होतं पोरी. तुह्या गळ्याची आन, चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी बालाघाटले गेलतो, साहेबाच्या घरी. सगळं सांगतलं. चुंबक माहा, टेकू म्या लावला. साहेब म्हने, नारळ मी फोडला आहे. मुंबईले समजलं तं तू बी जाशीन अन् मी बी. खाणीतली वीस वर्षं धरून मिळायची थे तुही पेन्शन जाईन. तू उद्या फक्त इतकं म्हन, मले माहीत नाही. पोरीचं मी पाह्यून घेईन, म्हने. म्या विश्वास ठेवला. रिटायर व्हायले दोन वर्ष राह्यले होते माहे."

मी ऐकत होते. आतून काहीतरी सैल होत होतं, मला ते जाणवत होतं. ते सांगायला गेले होते. माणूस घाबरला, साहेबानं दाबला, म्हातारपण समोर दिसत होतं. एवढं मला समजू शकत होतं. मला त्यांना माफ करायचं होतं, अगदी मनापासून, कारण माफ केलं असतं तर माझे काकाजी मला परत मिळाले असते.

"साहेबानं फक्त इतकंच म्हनायले सांगतलं? मले माहीत नाही, म्हनून?"

"हौ. इतकंच."

"मंग आमच्या लोकायले पूजेचं वावडं असते, रागानं केलं असंन, हे म्हनायले कोनी सांगतलं होतं?"

त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलली. टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मी थांबले. मला घाई नव्हती. कुणाचं तरी नाव घ्या, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. साहेबाचं घ्या, खोटं असलं तरी घ्या.

"थे," काकाजी म्हणाले, "कोनी नाही सांगतलं."

टिकारामला पाठवू नका, असं मी त्यांना सांगितलं. ते उठून गेले. नोकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दुपारी ओट्यावर बसून रडले, आणि आईनंही मला उठवलं नाही.